तक्रारीपूर्वी दहा दीर्घ श्वास

ऐरोलीतल्या चौदा मजली 'सागरदीप' सोसायटीची लिफ्ट बावीस दिवसांपूर्वी सातव्या मजल्याच्या जरा वर थांबली आणि तिथेच रमली. अकराव्या मजल्यावरच्या अभयने हेही सोसलं असतं. त्याचे पाय धड होते. पण घरात त्याची आई होती, भिमाबाई. वय अठ्ठ्याहत्तर, आणि गुडघे त्याहून वडीलधारे. रविवारी कोपरखैरण्याला त्यांच्या बहिणीच्या नातीचं, संघमित्राचं, लग्न होतं, अक्षतांऐवजी फुलं टाकायचं.

"अभ्या, पोरीला शब्द दिलाय मी. पयलं फूल माझ्या हातचं पडनार. मला खाली ने, नायतर मंडप वर आण."

मंडपापेक्षा लिफ्ट सोपी, असा हिशेब करून अभय सोसायटीच्या ऑफिसात गेला. सेक्रेटरी नंदकुमार म्हणाले, "बसा. तक्रारीपूर्वी दहा दीर्घ श्वास. ठराव क्रमांक सतरा. तापलेल्या सभासदाची तक्रार ग्राह्य धरता येत नाही."

शेजारी तेजश्री मॅडम बसल्या होत्या. तीन तासांच्या ऑनलाइन वर्गातून त्या श्वसनतज्ज्ञ झाल्या होत्या. "चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. खांदे सैल सोडा, सर."

अभयने इमानेइतबारे दहा श्वास घेतले. बरंही वाटलं, खोटं कशाला बोला! मॅडमनी त्याच्या बोटाला चिमटा लावून नाडी पाहिली. बहात्तर.

"आता टेन्शन आहे?"

"आता... नाही."

नंदकुमारांनी शिक्का हाणला: 'तक्रारदार समाधानी. तक्रार निकाली.'

"अहो, पण लिफ्ट?"

"नाडी वाढतेय हं, सर," मॅडम काळजीने म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अभयने श्वास घ्यायलाच नकार दिला. अर्ज परत आला: 'अर्जदार क्षुब्ध. अग्राह्य.' तिसऱ्या दिवशी त्याने चलाखीने नऊच श्वास घेतले, तर अपूर्ण श्वसनाबद्दल कारणे दाखवा नोटीस मिळाली.

तोवर ही पद्धत सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. टाकीत पाणी नाही? श्वास. छत गळतंय? श्वास, पण टोपी घालून. चार दिवसांत एकशे अकरा तक्रारी निकाली निघाल्या. संध्याकाळी सहाला सगळी सोसायटी एकदम उच्छ्वास सोडी तेव्हा समोरच्या इमारतीतल्या बायका ओले कपडे घेऊन गॅलरीत धावत. सहाच्या उच्छ्वासाला जीनची पँटसुद्धा कडकडीत वाळत असे. अभयने हे डोळ्यांनी पाहिलंय.

शंभर टक्के तक्रारनिवारण! कुठल्याशा महासंघाने 'तणावमुक्त संकुल' पुरस्कार जाहीर केला. समारंभ रविवारी सकाळी, गच्चीवर. प्रमुख पाहुणे सव्वाशे किलोचे होते. त्यांना गेटवरच्या लाकडी खुर्चीत बसवून चार वॉचमननी चौदा मजले चढवलं. वाटेत वॉचमननी जे श्वास घेतले, ते मॅडमनी 'कर्मचाऱ्यांचा उत्स्फूर्त सहभाग' म्हणून अहवालात धरले.

पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि वॉचमन रिकामी खुर्ची घेऊन खाली निघाले. अकराव्यावर दार उघडंच होतं. उंबऱ्यात भिमाबाई, पांढरीशुभ्र साडी, हातात फुलांची पिशवी.

"काय रं बाबांनो, रिकामी कशाला नेताय? वजन नसलं की खुर्ची लटपटते," असं म्हणत त्या बसल्यासुद्धा. सव्वाशे किलोनंतर भिमाबाई म्हणजे मोरपीस. वॉचमन असे सुटले की अभयला पुढे पळून वाट मोकळी करावी लागली. गेटवर रिक्षा मिळेना, तर ते तसेच पुढे निघाले.

गच्चीवर भाषण संपलं. पाहुण्यांनी मागे पाहिलं. "खुर्ची कुठंय?"

"कोपरखैरण्याला, साहेब," खालून कोणीतरी ओरडून सांगितलं.

"मग मी उतरू कसा? हा काय पोरखेळ लावलाय?"

"साहेब, मुद्दा रास्त आहे," नंदकुमार नम्रपणे म्हणाले, "पण आधी दहा दीर्घ श्वास."

एकशे बारावी तक्रार दुपारी साडेबाराला निकाली निघाली. त्याच सुमाराला संघमित्राच्या डोक्यावर पहिलं फूल पडलं, आणि चार वॉचमन पंगतीला बसले.

पुढच्या महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा झाली. नंदकुमार बिनविरोध निवडून आले. दीडशे सभासदांपैकी हजर होते सात. अभय त्या सातांत नव्हता. त्या दिवशी त्याला जरा काम होतं.

हसताय होय? हसा. पण तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेला तुम्ही कुठे होता?