अर्जुनाच्या डोक्याला वस्तरा

अर्जुनाच्या डोक्यातली पहिली ऊ मास्तरांनी पाहिली, ती पाटीवर. तो उजळणी लिहीत होता. ती वरून टपकली आणि साताच्या आकड्यावरून आठाकडे निघाली. मास्तरांनी चष्मा सारखा केला.

"घरी जा," ते म्हणाले. "उद्या डिपोटीसाहेब येणार शाळा तपासायला. डोकं साफ झाल्याशिवाय ह्या दारात पाऊल ठेवायचं नाही."

अर्जुनाला साहेबांपुढे कविता म्हणायची होती. महिनाभर तो ती गुरांना ऐकवत होता.

बनुबाईला हे कळलं तेव्हा तिनं आधी दार लोटलं. उंब्रजच्या त्या आळीत तिच्याइतकं लख्ख घर कुणाचं नव्हतं आणि ते साऱ्यांना ठाऊक असावं एवढी काळजीही ती घेत होती. दुसऱ्याच्या पोराला उवा झाल्या की ती घरची घाण, आपल्या पोराला झाल्या की शाळेची, असा आळीचा न्याय होता. बनुबाईला तो आपल्या दारी चालवून घ्यायचा नव्हता.

घासलेट रेशनचं, ते दिव्यालाच पुरत नव्हतं. तिनं सीताफळाच्या बिया कुटल्या आणि भुकटी तेलात कालवून पोराच्या डोक्यावर थापली. उवा जरा गुंगल्या आणि परत कामाला लागल्या. भुकटी मात्र डोळ्यांत उतरली. पोराचे डोळे जास्वंदीसारखे झाले आणि पाणी खळेना. आता उरला वस्तरा.

पण वस्तऱ्याची गोष्ट सोपी नव्हती. अर्जुनाचा बाप हंबीरराव पलटणीत होता. मागच्या रजेवर आला तेव्हा त्यानं पोराची शेंडी काढून कराडात मिलिट्री कट मारून आणला होता आणि पारावर चारचौघांत छाती फुगवून सांगितलं होतं, "ह्ये सोल्जराचं डोस्कं हाय. मी जित्ता हाय तवर ह्येला वस्तरा लागायचा न्हाई!" गावानं ते वाक्य मोत्यासारखं जपलं होतं.

लढाई संपून पाऊसकाळ उलटला होता. पलटणी सुटत होत्या, मोटारीतनं माणसं उतरत होती. हंबीररावाचं दिवाळीपासून पत्र नव्हतं. बनुबाई पहाटे जात्यावर बसली की ओवी आपली आपण येई,

*दाणा पडे जात्यात, पीठ पडे सुपात,*
*माझा चुडा परमुलखी, जीव माझा कापत.*

एका अंगाला डिपोटी, दुसऱ्या अंगाला धन्याचा शब्द. ती पोराच्या डोक्याकडे बघत राहिली. तिथं एका केसावर दोघी चढत होत्या.

"केस काय, गवतावानी वाढत्यात," ती स्वतःशीच म्हणाली. "धनी येत्यात तवर येतील. जा, हरिबाकडं जा. आन् उवांचं कुणापाशी बोलू नगंस. कुणी इचारलं तर गप ऱ्हा."

पोरगं गेलं. तिनं वाकळा, घोंगडी बाहेर काढून परसात तीन दगडांवर उकळत ठेवल्या. स्वैपाकाची चूल त्या दिवशी पेटलीच नाही. मग शेणाचा काला केला आणि घर सारवायला घेतलं. वस्तऱ्याला होय म्हटल्यापासून तिचा ऊर धडधडत होता, आणि हात कामात असले की ऊर जरा ऐकतो.

हरिबा न्हावी घरी नव्हता. कृष्णेच्या घाटावर कुणा म्हातारीचा दहावा होता, तो तिथं डोकी करत होता. तिथनं परस्पर मेव्हण्याच्या लग्नाला जाणार होता. अर्जुना घाटावर गेला आणि म्हातारीच्या लेकानातवांच्या रांगेत शेवटी बसला.

हरिबानं त्याला पाहिलं आणि वस्तरा थांबला. "तू का रं?"

"आईनं सांगितलंया. समदंच काडा म्हणली."

हरिबानं ते लाल डोळे पाहिले, वाहणाऱ्या धारा पाहिल्या. पारावर तो शब्द निघाला तेव्हा हंबीररावाची दाढी त्याच्याच हातात होती. त्यानं पुढं काही विचारलं नाही. मायेनं डोकं भिजवलं, शेंडीपुरते केस ठेवून बाकी सगळं उतरवलं, आणि इतरांनी बुडी मारली तशी अर्जुनालाही मारायला लावली.

ओल्या अंगानं, अनवाणी, डोळे पुसत पोरगं परत निघालं ते भरल्या बाजारातून. नानासो शिंप्यानं मशिनीचं चाक थांबवलं.

"काय झालं रं बाळा?"

अर्जुना आज्ञाधारक होता. तो गप्प राहिला.

"आई काय करतीया?"

"सारवतीया."

"भाकरी खाल्लीस का?"

"आज चूल न्हाई पेटवली."

नानासोनं मशिनीवर फडकं टाकलं. बाजाराला आजूबाजूच्या गावांची माणसं आलेली होती. मीठमिरचीबरोबर बातमीही ज्याच्या त्याच्या पिशवीत गेली.

शेजारची भामाबाई सगळ्यांच्या आधी आली. आळीत कुणा बाईचं कपाळ उघडं पडलं की तिच्या बांगड्या उतरवायला भामाबाईचा हात लागे. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि बाजूला वाळत घातलेल्या वाकळा पाहून तिनं पदर तोंडाला लावला.

"बने, कसं गं झालं ह्ये?"

"काय झालं?" बनुबाई दचकली. तिला वाटलं, उवांची बातमी फुटली. "काय न्हाई झालं. तसलं आमच्या घरात काय बी न्हाई!"

"धीराची गं बाई! हात दे हिकडं."

"हात कशाला?"

"बांगड्या, गं."

तेव्हा बनुबाईच्या ध्यानात आलं. तिनं कोपरापर्यंत हात शेणाच्या पाटीत खुपसले. "आवं मावशी, पोराला उवा झाल्यात उवा! म्हणून काडलंय डोस्कं!"

भामाबाई मागं वळून जमलेल्या बायकांना म्हणाली, "शोकानं कायबी बराळतीया. तिच्या घरात उवा! माझ्या घरात म्हणाली असती तर एक येळ..."

बायका आत शिरल्या. त्यांनी एकेक करून बनुबाईच्या गळ्यात गळा घातला, डोक्याला डोकं लावलं आणि हंबरडा फोडला. बनुबाई हात काही शेणातून काढेना. घर सारवून झालं, तिनं ओसरी घेतली. ओसरी झाली, अंगण घेतलं. बायका रडत मागून सरकत होत्या. तिसऱ्या प्रहरी ती शेजारचं अंगण सारवत होती आणि भामाबाई म्हणत होती, "सारवू द्या तिला. मन बधिर झालंया."

सासरा नाथाजी मळ्यात गुऱ्हाळावर होता. तो गुळाच्याच हातांनी पळत आला आणि पोराचं डोकं बघून मटकन बसला.

"मामंजी, तुमी तरी ऐका! सांगावा न्हाई, तार न्हाई..."

"पोरी," म्हातारा म्हणाला, "एवढी मान्सं रडत्यात, ती काय खोटी रडत्याल?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शाळेला सुट्टी दिली. डिपोटीसाहेब पोरांबरोबर दोन मिनिटं उभे राहिले आणि शेरा न लिहिताच परत गेले. मास्तरांना त्या शेऱ्याची तशीही ओढ नव्हती.

सकाळच्या मोटारीनं कुंडलहून हंबीररावाची बहीण रंगूबाई आली. तिच्यासारखं रडणं पंचक्रोशीत नव्हतं. मोटारीतून उतरतानाच तिनं सूर लावला आणि घरी पोचेपर्यंत आळी तिच्या मागे होती.

*माझ्या रं भाऊराया, किती लांब गेला गाव,*
*बहिणीच्या दारी आता कोण म्हणंल जेवू वाढ.*

*माझ्या रं भाऊराया, शब्द तुझा हवेवरी,*
*बिलायती छत्री माझी ऱ्हाईली की दुकानात.*

दुसऱ्या ओवीला बायकांनी डोळे पुसता पुसता एकमेकींकडे पाहिलं. उजाडल्यापासून पुन्हा शेणाच्या पाटीत हात घालून बसलेल्या भावजयीला रंगूबाईनं मिठी मारली, ती सुटेना. दोघींच्या वेण्या एकमेकींत गुंतल्या.

त्या मिठीत बनुबाईचं अवसान गळालं. ऊ तिनं स्वतः मारली होती, भुकटी स्वतः कुटली होती, पोराला स्वतः धाडलं होतं. तरी एवढ्या गळ्यांनी एकच गोष्ट म्हटल्यावर तिला वाटू लागलं, आपण वस्तरा लावला म्हणून तिकडं काही झालं असेल तर? तिनं पाटीतून हात काढले. धुतले. हिरव्या बांगड्या शेणातून निघाल्या त्या पावसानंतरच्या पानांसारख्या. ती त्यांच्याकडे बघत बसली. भामाबाई हळूच पुढं सरकली आणि तिनं मनगट धरलं.

"ह्यो काय तमाशा लावलाया?"

दारात हंबीरराव उभा होता. खाकी कपडे, डोक्यावर टोपी, खांद्यावर ट्रंक आणि काखेत काळी छत्री.

भामाबाईच्या हातून मनगट सुटलं. बनुबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मग ती पहिल्यांदा रडली. तिच्या रडण्याला सूर नव्हता.

हंबीररावाची नजर अर्जुनावर गेली. "ह्येच्या डोस्क्याला वस्तरा कुणी लावला?"

अर्जुनाला गप्प राहायला सांगितलं होतं, पण बापापुढं ते चालेल असं त्याला वाटलं नाही. "उवा झाल्या हुत्या," तो म्हणाला.

हंबीरराव आता ओरडेल असं वाटून पोरानं मान खाली घातली. पण बाप घुटमळला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि टोपी काढली. डोकं तांब्याच्या हंड्यासारखं चकाकत होतं.

"बोटीवर समद्या पलटणीला झाल्या," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सायबानं एकजात काडली."

ओसरीवरून नाथाजी ताडकन उठला. लेकाच्या डोक्याकडे बोट दाखवत, जमलेल्या माणसांच्या अंगावर धावून जात तो ओरडला, "आरं, मी जित्ता हाय! आदीच सांगून ठिवतो, मी जित्ता हाय!"

रंगूबाईनं पुढच्या ओवीसाठी घेतलेला श्वास तसाच होता. तो तिनं सावकाश सोडला आणि हात पुढं करून म्हणाली, "छत्री बगू."

चार दिवस बरे गेले. मग एका सकाळी भामाबाई ओट्यावर बसून डोकं खाजवताना दिसली. तिच्या शेजारचीही. जिनं जिनं बनुबाईच्या गळ्यात गळा घातला होता, तिची तिची बोटं केसांत होती. लग्नाहून परतलेल्या हरिबाला दारोदार बोलावणी गेली. पोरांच्या रांगा लागल्या. मोटारीतला एक परगावचा प्रवासी खिडकीतून वाकून विचारता झाला, "गावातलं कोण थोर गेलं म्हणायचं?"

"कोण न्हाई," हरिबा वस्तरा पुसत म्हणाला. "समदी हायती."

"मी म्हणलं नव्हतं, उवाच हायत म्हणून?" बनुबाई भामाबाईला म्हणाली. अशा घडीला तिला आपल्या घरची लाज फारशी आठवत नव्हती. ती आता साऱ्या आळीची झाली होती, आणि वाटून घेतली की लाज हलकी होते.

एवढ्यात कुंडलचा एक माणूस धापा टाकत आला. नाथाजीसमोर उभा राहिला आणि त्यानं मुंडासं काढलं.

"रंगूबाईच्या घरी..." तो कसाबसा म्हणाला. "तिन्ही पोरांची डोकी काडल्यात. बाई कालधरनं अंगण सारवतीया. तिचं मालक आकाराम पावनं ऊसतोडीला परगावी गेलंत, त्यांचा पत्ता न्हाई. समदं कुंडल दारात जमलंया. तुमी... धीर धरा."

आळी उठून उभी राहिली. भामाबाईनं सवयीनं पदर तोंडाला लावला. नाथाजीनं डोळे बारीक केले.

"पोरांच्या डोळ्यांना पाणी हुतं का?"

"धारा लागल्यात, धारा!"

"डोळं लाल?"

"इंगळावानी!"

म्हाताऱ्यानं सुनेकडं पाहिलं. बनुबाईनं फणी पदराच्या गाठीला बांधली, उरलेल्या बियांची पुडी घेतली आणि चप्पल पायात सरकवली. "बिचारीच्या बांगड्या फुटायच्या आत पोचाया पायजे."

"थांब, मी बी येतो," हंबीरराव म्हणाला.

बनुबाई उंबऱ्यात थांबली. नवऱ्याच्या डोक्यावर कोवळी खुंटं उगवू लागली होती, पण अजून ऊन पडलं की डोकं चमकत होतं.

"या," ती म्हणाली. "पर टोपी घाला आदी. आन् तितं कुणी कितीबी रडलं तरी काडू नगा."