दणकट आणि मामांचं आत्मचरित्र

“जुन्या कम्प्युटरला वाऱ्यावर सोडणारा माणूस न्हाई मी!” लातूरच्या भीमाशंकरने व्हिडिओ कॉलवर गर्जना केली.

तो, नांदेडचा सोमेश आणि धर्माबादची देविका असे तिघं, नोकऱ्या सांभाळून हौसेखातर ‘दणकट’ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होते, म्हाताऱ्या झालेल्या कम्प्युटरांसाठी. अगदीच जुन्या मशीनींना पुढं सांभाळायचं की नाही, यावर वाद पेटला होता.

“अर्धी मेहनत त्या डबड्यांपायी जाते, दादा,” देविका म्हणाली. “वापरतंय कोण?”

“माझे सासरे! उद्या चाकूरला जाऊन तुमच्यासमोर दणकट बसवून दाखवतो. मग बोला!”

दुसऱ्या दिवशी भीमाशंकर चाकूरला पोचला, तर सासरे शिवप्पा जळकोटला लग्नाला गेलेले. निवृत्त हेडमास्तर! अजूनही त्यांना बघून चाकुरातली पन्नाशीची माणसं विडी लपवतात.

“मामी, ह्या कम्प्युटरात काही महत्त्वाचं हाय का?” भीमाशंकरने सासूबाईंना विचारलं.

“कशाचं काय! दिवसभर पत्ते खेळतात,” नीलाबाई म्हणाल्या.

पडद्यावर प्रश्न आला: ‘डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुसू?’ भीमाशंकरने ऐटीत ‘हो’ दाबलं. मशीन कण्हलं, खोकलं आणि चक्क पळायला लागलं! मोबाइलवरून देविका आणि सोमेश बघत होते; सोमेशने टाळ्या वाजवल्या.

थोड्या वेळाने शिवप्पांचा फोन आला.

“जावईबापू, पोचतोच आता. त्या कम्प्युटरला जपा बरं! माझं आत्मचरित्र हाय त्याच्यात. कालच शेवटचं प्रकरण झालं.”



“कॉपी... असंल ना मामा कुठं?”

“कशाला? कुणी चोरलं म्हंजे?”

त्याने फोन ठेवून पुन्हा व्हिडिओ कॉल लावला. “देविका, काही परत येईल का गं?”

“त्याच जागेवर आपण नवं लिहिलंय, दादा. न्हाई येणार.”

बाहेर स्कूटर थांबली. भीमाशंकर ताडकन उठला.

“मामी, मागचं दार कुठाय?”

“भिंत हाय मागं. काय झालं?”

त्याने एका दमात सगळं सांगितलं. नीलाबाईंनी डोळे विस्फारले.

“सगळं गेलं?”

“सगळं!”

“ते ह्याच्यातच होतं व्हय? रोज जेवताना ऐकावं लागायचं रे बाबा! थांब, तुला शिरा करते!”

शिवप्पा दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते चपला काढून सावकाश आत आले. त्यांनी जावयाकडे बघितलं, मग कम्प्युटरकडे. भीमाशंकरचे पाय आपोआप जुळले, हात पुढं झाला. छडी खायलाच जणू!

“घाबरू नका,” शिवप्पा शांतपणे म्हणाले. “मला शब्द न् शब्द पाठ हाय. बसा. लिहून घ्या. प्रकरण पहिलं: माझे पणजोबा.”

नीलाबाईंच्या हातातला झारा गळाला.

पणजोबा अजून रांगायलाही लागले नव्हते, तेवढ्यात भीमाशंकरने टेबलाखालून ग्रुपवर लिहिलं: ‘माझं मत बदललं. जुन्या मशीनी बंद करा. आजच!’

सोमेशचं उत्तर लगेच आलं: ‘उशीर झाला, दादा. तुमचा डेमो बघून देविकाबी मानली. आता चालूच ठेवायच्या!’