बिराजदार सरांचा भूतकाळ

एसटीवर ‘धाराशिव’ अशी ठळक पाटी असली तरी आमचे बिराजदार सर त्या गाडीत कधी सरळ चढले नाहीत. आधी ड्रायव्हरला विचारायचं, मग कंडक्टरला, मग खिडकीतल्या एखाद्या म्हातारीला. तिघांची उत्तरं जुळली तर पाय पायरीवर. मी एकदा म्हटलं, “सर, पाटी आहे की समोर.” तर म्हणाले, “मॅडम, पाटी रंगवणारा गाडी चालवतो का?”

लोहाऱ्याच्या शाळेत मी मराठी शिकवते, सर इंग्रजी. खोली एकच, टेबल एकच, त्यामुळे त्यांचा संशयही वाट्याला येतो. चहा आला की आधी वास घेणार. शिपाई हसत आत आला की, “हा का हसतोय?” आणि गंभीर चेहऱ्यानं आला की, “ह्यानं काय केलंय?” मुख्याध्यापकांनी त्यांच्या कामाचं कौतुक केलं तेव्हा तर पुढचे कित्येक दिवस सर अस्वस्थ होते. “यात काहीतरी आहे” हे वाक्य त्यांच्या तोंडात सुपारीसारखं कायम असायचं.

असा माणूस इंग्रजी शिकवायला लागला तर काय होईल? वर्गाचं पोलीस ठाणं होतं.

“गो चा भूतकाळ काय?” सर विचारायचे.

“वेन्ट!” पोरं ओरडायची.

“सरळ माणूस नाव बदलून फिरतो का? ह्याच्यावर नजर ठेवा. आणि तो पुट. आज पुट, काल पुट, परवाही पुट. तिन्ही काळांत चेहऱ्यावरची रेघ हलत न्हाय. असल्यापासून तर लई सांभाळून.”

भूतकाळावर मात्र त्यांचा जीव होता. “वर्तमानात माणूस काय पण बोलतो. भविष्याचं तर सोडूनच द्या. जे होऊन गेलं तेवढंच खरं.”

गिव्ह, लुक, ब्रेक असल्या क्रियापदांना अप, आऊट, डाऊन असे शब्द चिकटले की अर्थच बदलतो, तो सरांच्या मते संगतीचा परिणाम. “गिव्ह गरीब आहे. देणे, एवढंच काम. पण अप भेटला, आणि गडी सगळं सोडूनच द्यायला लागला. कुणाबरोबर फिरतोय ते बघा, मग अर्थ लावा.” पोरांना हे असं पाठ व्हायचं, की एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी ‘ब्रेक’चा अर्थ विचारला तर मागच्या बाकावरून आवाज आला, “साहेब, एकटा आहे का कुणाबरोबर?”

हे सगळं सर एका इंग्रजी गाण्यावरून शिकवायचे. दरवर्षी तेच गाणं. छोटा स्पीकर टेबलावर ठेवायचा, एक ओळ वाजवायची, बंद करायचं आणि चौकशी सुरू. गाणं एका तरुण मुलीच्या आवाजात होतं. ती पहाटे उठते, बॅग भरते, घरच्यांना सांगून निघते, वळून बघते, अशी गोष्ट. वोक अप, पॅक्ड अप, वॉक्ड आऊट, लुक्ड बॅक. पुढं ‘ब्रोक डाऊन’ यायचं, तिथं वर्गात दोन तट पडायचे. गाडी बंद पडली, की मुलीला रडू कोसळलं? सर कायम गाडीच्या बाजूनं.

एवढ्या संशयी माणसानं वर्षानुवर्षं एकच गाणं का लावावं, याचा आता आम्हाला संशय यायला लागला. गणिताचे सर म्हणाले, कॉलेजातलं काहीतरी प्रकरण असणार. शिपायाच्या मते ती गाणारी बाई सरांच्या ओळखीची होती. मलाही राहवेना. “दुसरं गाणं का नाही लावत?” मी विचारलं. सरांनी माझ्याकडं रोखून बघितलं. “तुम्हाला हे विचारायला कुणी पाठवलं?”

आणि मग एके दिवशी सोपान आला. सोपान काळी-पिवळी जीप चालवतो, लोहारा ते उमरगा. त्याची मुलगी मनीषा आमच्या दहावीत. तो आला तो थेट मुख्याध्यापकांना घेऊनच आमच्या खोलीत.

“सर, माझी पोरगी भांडी घासताना ‘वाकडाऊट’ म्हणून गाणं म्हणती. म्या गाडीतल्या एका शिकलेल्या पाशिंजरला इचारलं. त्यो म्हणला, घर सोडून गेली, आसा अर्थ हाय. हे शिकिवताव व्हय तुमी?”

मुख्याध्यापक घाबरले. “बिराजदार, ते गाणं आजपासून बंद करा.”

सर शांतपणे उठले. “पॅसेंजर कोण? कुठं चढला? त्याला इंग्रजी येतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“आता ते मला काय ठावं?” सोपान गडबडला. फिर्याद घेऊन आलेला माणूस बघता बघता आरोपी झाला.

मग सरांनी स्पीकर काढला आणि एकेक ओळ वाजवून अर्थ सांगितला. सोपान मान हलवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हंजी पळून न्हाय गेली. सांगून गेली.”

“सांगून गेली,” सर म्हणाले.

सोपानचा राग उतरला. त्यानं खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. “सर, पुढल्या साली तिला धाराशिवला ठिवायचं म्हणतो कॉलेजला. फोन बी द्यावा लागंल. आमाला काय त्यातलं वाचता येत न्हाय. तवा ती सुट्टीला आली की म्या फोन गुपचूप तुमाला आणून देत जातो. तुमी तपासा. तुमच्या नजरंतून काय सुटत न्हाय, सगळा तालुका म्हणतो.”

असल्या कामासाठी याहून लायक माणूस मिळाला नसता. सर तपासाच्या अटी घालतील, याची आम्ही वाट बघत होतो.

“न्हाय,” सर म्हणाले.

“का वं?”

“मी तपासलाय एकदा. माझ्या पोरीचा.”

सरांनी स्पीकरवर हात ठेवला होता.

“हे गाणं तिचंच. दार लावून ऐकायची. मला वाटलं, कुणाचा तरी निरोप आहे यात. ती अंघोळीला गेली की मी तिचा फोन घ्यायचो. गाणं एकेक शब्द लावून ऐकलं. निरोप नव्हता. काहीच नव्हतं. नुसतं व्याकरण निघालं. तिला कळलं ते. एक शब्द बोलली न्हाय. पुण्याला नोकरी लागली, गेली. आईशी बोलती. माझा फोन उचलत न्हाय. घरात ते गाणं बंद झालं, म्हणून मी इथं लावतो.”

सोपाननं टोपी डोक्यावर ठेवली. मग उठला, “येतो” म्हणाला आणि गेला. मुख्याध्यापकांनी गाण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी माझा फोन पुढं केला. “यावरून लावा. अनोळखी नंबर बघून तरी उचलेल.”

सरांनी फोनकडं बघितलं, हात पुढं आलाही. मग मागं घेतला. “नको मॅडम. परत फसवल्यासारखं हुईल.”

त्यांनी स्वतःच्या फोनवरून लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पुन्हा तेच. तिसऱ्या दिवसापासून सुट्टी झाली की गणिताचे सर काहीतरी निमित्त काढून बाहेर जायला लागले. मी मात्र वह्या तपासत तिथंच बसायचे. सर काही म्हणायचे नाहीत.

पुढच्या आठवड्यात एकदा रिंग मध्येच थांबली. फोन कानाला लावला की डोकं तापतं, असं सरांचं म्हणणं, म्हणून ते नेहमी स्पीकरवरच बोलतात. त्यामुळं मला ऐकू आलंच.

“अप्पा?”

सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

“आई बरी हाय ना?” तिकडून घाबरा आवाज.

“बरी हाय, गौरी. सगळं बरं हाय.”

“मग फोन कशाला केलाव?”

आता कुठं राहतेस, कुणाबरोबर राहतेस, शेजारी कोण, सगळं येणार असं मला वाटलं. सरांचे ओठही हलले. पण ते मिटले, आणि सर हळूच म्हणाले, “असंच. तू काय सांगशील ते ऐकायला.”

फोन कट झाला की काय म्हणून मी वहीतून मान वर केली. मग गौरी म्हणाली, “काल ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकले होते मी. आत एक मोठा केक घेतलेला माणूस, आणि वरनं लाईट गेली…”

“मग?” सर म्हणाले आणि सावकाश खाली बसले.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. सरांचा तास होता. मी वह्या तशाच ठेवल्या, खडू उचलला आणि दार हळूच ओढून घेऊन त्यांच्या वर्गावर गेले.