मांजरीचा गळा

काशिनाथचा लाउडस्पीकर लागला, की लग्नघरी आधी मांजर ओरडते. बाकीचे मंडपवाले माइक तपासताना 'हॅलो, हॅलो' म्हणतात. काशिनाथ डोळे मिटतो, मान मागे टाकतो आणि कोणत्याच भाषेत नसलेलं गाणं म्हणतो. साखरशेतच्या एका लग्नात नवऱ्याच्या मामाने विचारलं, "काय रं, ही कंची मंगलाष्टकं?"

"इंग्लिश," काशिनाथ म्हणाला आणि दुसरं कडवं घेतलं.

जव्हारला त्याच्या मंडपाच्या दुकानाशेजारी मी राहतो. बातम्या लिहितो, म्हणून तो मला 'पेपर' म्हणतो. कोणत्याही गायकाविषयी त्याचं मत एकच. "गळा बरा हाय. पन मांजरीचा नाय."

ही मांजर एका कार्टून सिनेमातली. काशिनाथला मिसरूड फुटत होतं, तेव्हा गणपतीत त्याच्या पाड्यावर भाड्याचा व्हिडिओ यायचा. एका वर्षी कॅसेटवाल्याने मारधाडीच्या सिनेमाऐवजी चुकून इंग्रजी कार्टून दिलं. गिटार वाजवणारं घुबड, गाणारी मांजर, काळा उंच मनोरा आणि कानठळ्या बसवणारा रॉक. पाड्याने पुढच्या वर्षी तेच मागवलं. त्याच्या पुढच्या वर्षीही.

त्या काळी परभाषेतला सिनेमा असला, की कुणीतरी टीव्हीशेजारी उभं राहून गोष्ट सांगायचं. पाड्यावर हे काम काशिनाथच्या थोरल्या बहिणीचं, जनीचं. ती आश्रमशाळेत शिकलेली. लग्नानंतर तीही पाड्यावरच्या इतरांसारखी भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली आणि तिथेच तापाने वारली. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. काशिनाथ फक्त मांजरीविषयी बोलायचा.

"इंटरनेटवर समदं घावतं म्हनतोस ना, पेपर? मंग माझी मांजर काढ."

बऱ्याच शोधानंतर मांजर सापडली. एका दुपारी त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, लॅपटॉपला मंडपाचे दोन मोठे स्पीकर जोडले आणि माझ्याशेजारी बसला. मी भाषांतर करू लागलो. मांजरीला प्रसिद्धी हवी आहे. म्हणून ती घुबडाला सोडून स्वतःच मनोऱ्यात राहायला गेली आहे.

"तसं नाय ते," काशिनाथ म्हणाला. "तिला सेठनं कोंडलीय. मनोरा कसला, भट्टीची चिमनी हाय ती."

"अरे, ती स्वतःच म्हणतेय..."

"जनीनं सांगितलंय."

मी पुन्हा ऐकलं. मांजर जे म्हणत होती, तेच म्हणत होती. जनीने गोष्ट मनानेच रचली होती, हे मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं. काशिनाथने सिनेमा थांबवला.

"पेपर, तू गप बस," तो म्हणाला. "मी सांगतो."

त्याने सिनेमा पुन्हा लावला, त्याचा आवाज बारीक केला आणि लॅपटॉपशेजारी उभा राहिला. सांगताना त्याचा सूर बदलला, हातही वेगळे हलू लागले; जनी अशीच सांगत असावी. सेठ सोडत नव्हता. घुबड शोधत येत होतं. मांजर गात होती, चिमणीला तडे जात होते.

शेवटी पडद्यावर मांजर एकटीच आकाशात उडून गेली. अंधार झाला. नावं वर सरकू लागली. काशिनाथ थांबला नाही.

"आता ती एश्टीत बसली. घाट चढली. डेपोत उतरली, पायी निघाली. आयनं नागलीची भाकर झाकून ठेवलीय. भाऊ वाटंवर आलाय..."

नावंही संपली. मी लॅपटॉप मिटला नाही. ती अजून घरी पोचायची होती.