कडेला मार्क देणारे परबअण्णा

आमच्या मजल्यावरचे परबअण्णा कोणाच्याही घरी गेले की आधी बेल वाजवत नाहीत. आधी दारावरच्या नावाच्या पाटीच्या कडेवरून अंगठा फिरवतात, चारही बाजूंनी. मग बेल वाजवतात, आणि दार उघडणाऱ्याला पहिली गोष्ट सांगतात ती म्हणजे पाटीचे मार्क. माझ्या पाटीला दहापैकी तीन मिळाले. दादरला चार दुकानं फिरून मी ती हौसेनं करून घेतली होती.

"अक्षर बरां हा," अण्णा म्हणाले, "पण कड बघलंस? करवत मारून तशीच सोडल्यान मेल्यान."

"अण्णा, कड कोण बघतो?"

"मी बघतंय ना!"

लालबागच्या चाळीत आमच्यात दोन खोल्यांचं अंतर होतं. चाळ पाडून टॉवर उभा राहिला आणि अकराव्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर आली. मी विमा कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर मी कागदाच्या कडांशिवाय दुसरी कड पाहिली नव्हती. अण्णा मात्र एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवतात तिथे, तीसेक वर्षं राबलेले. केसाच्या जाडीइतका फरक त्यांना अंगठ्याला कळतो म्हणे. बायकोच्या बोलण्यातला फरक कधी कळला नाही, असं सुमनवहिनी म्हणायच्या.

अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतं, पॉलिश पेपरची घडी असते. एकदा बँकेत काउंटरवरच्या ॲक्रिलिकच्या पडद्याला त्यांचा हात लागला. पासबुक द्यायचं राहिलं बाजूला, यांनी घडी काढली आणि लागले घासायला. आतली मुलगी घाबरली. शिपाई धावत आला.

"मॅडमचा हात कापात हो," अण्णा त्याला समजावत होते. "मी फुकटच करून देतंय."

आणि मंडळाच्या व्यासपीठावर ज्येष्ठांचा सत्कार झाला तेव्हा तर कहरच केला. पाहुण्यांनी स्मृतिचिन्ह पुढे धरलं, फोटोवाला तयार, आणि अण्णांचा अंगठा त्याच्या कडेवर. "मी ह्या घरी नेऊन घासून आणतंय," ते पाहुण्यांना म्हणाले, "मगे काढूया फोटो." पाहुणे हसावं की रागवावं या विचारात तसेच उभे राहिले. आमच्या लेखी त्या दिवशीचा मुख्य कार्यक्रम तोच झाला.

निवृत्तीनंतर माणसं देवाला जातात. अण्णांनी मशीन घेतलं. सीएनसी राउटर म्हणतात त्याला. कॅरमबोर्डाएवढी चौकट, तिच्यावर इकडून तिकडे सरकणारी मोटर आणि मोटरीला पेन्सिलीच्या टोकासारखं पातं. कॉम्प्युटरवर आकार काढून दिला की पातं आपलं आपण ॲक्रिलिकमधून तो आकार कापतं. हे यंत्र त्यांनी बाल्कनीत बसवलं. ते चालू झालं की दाताचा डॉक्टर आणि मिक्सर एकदम सुरू झाल्यासारखं वाटायचं. शिवाय पांढरा भुसा. "आमच्याकडे पोह्यांतसुदिक प्लास्टिक येता," वहिनी मला दारातून ओरडून सांगायच्या. ओरडूनच, कारण आत मशीन चालू.

कापणं ही अण्णांच्या मते किरकोळ बाब. पातं सावकाश सरकवलं तर ॲक्रिलिक वितळून त्यालाच चिकटतं, घाईत सरकवलं तर कपचे उडतात, एवढं जमलं की झालं. खरं काम पुढे. आधी हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, पात्याची पाठ कडेवरून ओढायची, मग पाण्यात भिजवून पॉलिश पेपर, आधी भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी छोट्या गॅसच्या टॉर्चची ज्योत कडेवरून एकदाच, न थांबता न्यायची. कड काचेसारखी होते. मग अण्णा ती उजेडाकडे धरून स्वतःला आठ मार्क देतात. नऊ त्यांनी आजवर कुणालाच दिलेले नाहीत.

आता हसण्याचा भाग संपला असं म्हणत नाही, पण गेल्या माघात सुमनवहिनींना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतं, डोकं शाबूत आहे, फक्त जीभ वळत नाही. हॉस्पिटलातून एक छापील तक्ता मिळाला होता. त्यावर पाणी, उशी, संडास अशी चित्रं. वहिनींनी तो डाव्या हातानं भिरकावून दिला. चाळीच्या भांडणात चार बायकांना एकटीनं पुरून उरलेली बाई ती, नळाच्या चित्रावर बोट ठेवणार होय! त्यानंतर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, "काका, त्यांना काहीतरी बोलायला लावा. नाहीतर त्या सोडून देतील."

अण्णांनी माझ्या दारात येऊन मला हे सांगितलं. पाटीवरून अंगठा फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं. अण्णा अक्षरं कापत होते. बोटभर उंचीची, जाड ॲक्रिलिकची, डाव्या हातात नीट धरता येतील अशी. सगळी अक्षरं, आणि काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या. "इंग्रजी कापूक सोप्पी," ते कुरकुरत. "आपल्यात आतले कोपरे किती!" फिरतं पातं गोल, त्यामुळे आतला कोपरा गोलच राहतो. मग तो सुईसारख्या कानशीनं हातानं काढायचा. एका 'क्ष'ला त्यांचे दोन दिवस गेले.

"अण्णा, कागदावर लिहून चिकटवा की पुठ्ठ्याला," मी म्हणालो. "तिथे वहिनी दिवसेंदिवस गप्प होताहेत आणि तुम्ही कडा कसल्या घासताय?"

"उजव्या हाताक तिच्या कळना नाय," अण्णा मान वर न करता म्हणाले. "कापला तरी कळाचा नाय तिका."



सहा आठवड्यांनी संच तयार झाला. सगळ्या कडांवरून ज्योत फिरवून झाली. अण्णांना वहिनींना घेऊन तपासणीला जायचं होतं. त्यांनी घराची किल्ली मला दिली आणि सांगितलं, कुरिअर येईल ते घेऊन ठेव. टेबलावर अक्षरं मांडलेली. इतकी देखणी की काय सांगू! पण त्यांवर बोटांचे ठसे दिसत होते. माझ्या मनात आलं, आजारी माणसाच्या हातात जायची वस्तू, स्वच्छ हवी. करोनापासून सॅनिटायझरची फवारणीची बाटली माझ्या खिशात असतेच. मी एकेक अक्षर फवारलं आणि फडक्यानं पुसलं. काना-मात्रेसकट. आपण काहीतरी चांगलं केलं, असं समाधान मला अगदी काठोकाठ वाटत होतं.

मी 'ज्ञ'पर्यंत पोचलो तेव्हा 'अ'च्या कडेवर केसासारख्या भेगा दिसल्या. मग 'आ'वर. मग मी पाहत असताना एकेका अक्षरात बारीक जाळं उतरत गेलं.

अण्णा आले. एक अक्षर उचललं, अंगठा फिरवला.

"कशान पुसलंस?"

मी बाटली दाखवली.

आता आपली आई-बहीण निघणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. अण्णा खुर्चीवर बसले. "ज्योत लावलेल्या कडेक स्पिरिट चालना नाय," ते अगदी हळू म्हणाले. "भेगा पडतत. मीच तुका सांगूक होया होता." एवढंच. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. मागे वहिनींना पलंगावर नुकतं निजवलं होतं, आणि त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी मी त्यांच्या हॉलमध्ये बसून कडा घासू लागलो. यावेळी ज्योत नाही, नुसता पॉलिश पेपर आणि मलमल. अण्णा कापत, मी घासत असे. माझं पहिलं अक्षर त्यांनी परत फेकलं. "दोन." पुढच्या आठवड्यात चार मिळाले. बोटांची सालं निघाली, पण एकदा 'म'ला सात मिळाले तेव्हा मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. वहिनींचा पलंग हॉलमध्येच होता. पाच आठवडे आम्ही दोघं त्यांच्या पाठीशी बोलत बसलो.

मग एका मंगळवारी संच पुरा झाला. अण्णांनी वहिनींना उशांना टेकवून बसवलं, मांडीवर प्लायवूडचा ट्रे ठेवला आणि अक्षरं मांडली.

"काय गो, काय होया तुका? सांग."

वहिनींनी अक्षरांकडे पाहिलं नाही. अण्णांनी त्यांचा डावा हात उचलून अक्षरांवर ठेवला. त्यांनी तो काढून घेतला. अण्णांनी 'पाणी' जुळवून दाखवलं, वहिनींनी ते विस्कटलं. अर्धा तास असा गेला. अण्णा अक्षरं पुन्हा पुन्हा सरळ करत होते. मला ते बघवेना.

"मी निघतो, अण्णा," म्हणून मी उठलो.

तेव्हा वहिनींचा हात हलला. 'च' पुढे आला. मग 'ह'. मग बराच वेळ शोधून काना. वहिनींनी तो 'ह'ला नीट चिकटवला आणि ट्रे अण्णांकडे ढकलला.

"चहा?" अण्णा ट्रेवर वाकले. "तुका होया?"

वहिनींनी मान हलवली. नाही. मग डाव्या हाताचं बोट उचलून माझ्याकडे केलं.

पाच आठवडे एक माणूस रोज दुपारी आपल्या घरात येऊन बसतो आणि तसाच जातो, हे त्या भिंतीकडे तोंड करून मोजत होत्या. मी परत बसलो. माझे डोळे भरून आले, ते लपवायलाही मला सुचलं नाही.

अण्णा स्वयंपाकघरात गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला. मग पातेलं गॅसवर ठेवल्याचा आवाज झाला, आणि अण्णांनी आतून मोठ्यानं विचारलं, "सुमन, चायपावडर खंय ठेवलंस गो?"

मी बसलो होतो तिथून मला सरळ आतलं दिसत होतं. पावडरीचा डबा अण्णांच्या हातातच होता. झाकणसुद्धा उघडलेलं होतं.

वहिनींनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा अक्षरं शोधायला घेतली.