पापबंदीचा मसुदा

नीती ही इतकी मोलाची गोष्ट आहे, की ती लोकांच्या मर्जीवर सोडणं कोणत्याही जबाबदार सरकारला परवडत नाही. म्हणूनच कॅथलिक नीतिशिक्षण जसंच्या तसं दिवाणी कायद्यात आणायचं ठरलं, तेव्हा विधी खात्यातल्या मसुदाकारांना धन्य वाटलं. गृहस्थ स्वतः कॅथलिक, चर्चमधली रविवारची मिस्सा न चुकवणारे (प्रवचनात डुलकी लागते, पण अगदी पुढच्या बाकावर). जन्मभर त्यांनी गटारांचे नियम लिहिले होते. आता कुठे हाताला सोनं लागलं होतं.

सुरुवात सात मुख्य पापांपासून झाली. खादाडपणावर बंदीला मसुदा तपासणाऱ्या समितीची हरकत नव्हती. बैठकीतली तिसरी बशी 'कार्यालयीन आहार' मानावी, एवढंच अध्यक्षांनी तोंड पुसत सुचवलं. आळसाबद्दल सर्व खात्यांचे अभिप्राय मागवले, ते अजून यायचे आहेत. मनातल्या वासनेचा पंचनामा करायला पोलिसांनी जादा माणसं मागितली.

मग प्रायोगिक तत्त्वावर पापकबुलीची खिडकी उघडली. पहिल्याच दिवशी रांग जिन्याखाली गेली. ही नैतिक जागृती पाहून मसुदाकारांचा ऊर भरून आला. शंभरातल्या सत्त्याण्णव जणांनी शेजाऱ्यांची पापं कबूल केली, दोघींनी जावांची, आणि एक जण पाण्याचं बिल भरायला आला होता.

सल्लागार म्हणून बोलावलेले फादर हसले. “माझ्याकडे माणूस आपल्या पायांनी येतो, स्वतःचं सांगतो, माफी घेऊन जातो. तुमच्याकडे कबूल केलं की दंड! येईल कोण, बाबांनो? धाकानं चर्च भरेल हो, माणूस नाही सुधारायचा.” समितीनं फादरांचे आभार मानले आणि विषयाची पुरेशी माहिती नसल्याच्या कारणावरून त्यांचं मत बाजूला ठेवलं.

नववं कलम मसुदाकारांनी एकटाकी उतरवलं: घटस्फोट झालेल्यांनी पहिला जोडीदार जिवंत असेपर्यंत पुन्हा लग्न करू नये, केल्यास कैद. रात्री जेवताना त्यांनी ते कौतुकानं वाचून दाखवलं.

बायकोच्या हातातला डाव हातातच राहिला. “अहो, पुढच्या महिन्यात धाकटीचं लग्न आहे ना?”

धाकटीचा पहिला नवरा तिच्यावर हात उचलायचा. कोर्टातून सुटका झाली तरी कित्येक दिवस ती घरात दबक्या पावलांनी वावरायची. आता एका चष्मेवाल्याशी जमलं होतं आणि पोरगी परत खिदळायला लागली होती. 

“बाबा, म्हणजे मी तुरुंगात जाणार?” धाकटीनं विचारलं.

“छे गं! तू कशाला? कायदा लोकांसाठी असतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कलमाखाली बारीक अक्षरात जोडलं: 'मसुदाकारांची कन्या वगळून.' नोकरी जाणार हे धरूनच त्यांनी कागद पुढे सरकवला. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला, उठून दार लावलं आणि हळूच म्हणाले, “माझा एक मेहुणा आहे हो.”

त्यानंतर कामाला जो वेग आला, तो खात्याच्या इतिहासात तोड नसलेला होता. कुणाची आत्या निघाली, कुणाचा साडू. एका सदस्यानं, मोठ्या मनानं, स्वतःलाच वगळून घेतलं. सवलतीचा लाभ जनतेलाही मिळावा म्हणून अर्ज मागवले आणि सगळा देश लोटला. कायदा एकमतानं मंजूर झाला. मूळ मजकूर दोन पानं, अपवाद एकतीस खंड.

धाकटीचं लग्न थाटात लागलं. चष्मेवाल्यानं अंगठी भलत्याच हातात घातली, तेव्हा नवरी इतकी हसली की मसुदाकारांना रडू आवरेना. समिती सहकुटुंब जेवली (कार्यालयीन आहार).

अर्जांची मुदत आजच संपली, वाचकहो. तुम्ही मसुदाकारांना हसत बसलात आणि अर्ज राहून गेला. तेव्हा उद्या सकाळपासून हा कायदा संपूर्ण आणि कसोशीनं अमलात येतो आहे, तुमच्यापुरता.