सोसायटीने पाहिलेली फायनल

भारताचा गोल होताना मी आयुष्यात कधी पाहिलेला नाही. घरी नेमकं त्याच वेळी कोणीतरी रिमोट मागतं. म्हणून यंदा पक्कं ठरवलं. चार देशांची मैत्रीपूर्ण फुटबॉल स्पर्धा, फायनलला भारत! सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावायचा आणि गोल पाहायचाच.

"हॉल मागितलात की कमिटी पण येते," माझी बायको संपदा म्हणाली. मी हसलो. हसायला नको होतं.

इंद्रलोक भागातल्या आमच्या सोसायटीत सत्काराशिवाय काही होत नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यालाही आम्ही शाल दिली आहे. सेक्रेटरी पंढरीनाथकाका माईक घेऊनच आले. दीपप्रज्वलन झालं. आपल्या राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले. पाहुण्या संघाचं लागलं तेव्हा लोक बसू लागले.

"उभे राहा," काका माईकवरून म्हणाले. "मैत्रीची मॅच आहे. पाहुण्यांचा मान राखा."

गुडघे धरून सगळे पुन्हा उठले.

मॅच सुरू झाली आणि शेजारच्या हंसाबेन ढोकळ्याचा ट्रे घेऊन पडद्यासमोरून निघाल्या. "भाई, चटनी तीखी चलेगी ना?"

"सब चलेगा, आप बस बैठ जाइए."

बसतात कुठल्या! मागच्या रांगेला चटणी पोचायची होती.

शेवटची काही मिनिटं उरली, तरी गोल नाही. भारताला कॉर्नर मिळाला. मी श्वास रोखला, तेवढ्यात काकांनी प्रोजेक्टर लावल्याबद्दल सत्काराला माझं नाव पुकारलं.

"काका, पाच मिनिटं थांबा ना."

"अरे, मॅच संपली की लोक पळतात. मग टाळ्या कोण वाजवणार?"

दोघांनी मला दंडाला धरून पडद्यासमोर उभं केलं. अंगावर पांढरी शाल आली, हातात नारळ आला. "कॅमेऱ्याकडे बघ," काका म्हणाले. मी बघितलं.

आणि अख्खा हॉल उठला. टाळ्या, शिट्ट्या! आजवर कोणी माझं एवढं कौतुक केलं नव्हतं. मी नारळासकट हात जोडून वाकलो.

"अहो, वाकताय काय?" संपदा ओरडली. "गोल झाला! तुमच्या पोटावर दिसला!"

मी वळलो, तर काकांनी हातात माईक दिला. "दोन शब्द बोल."

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आलाय. माझ्या शालीवर चेंडू जाळीत शिरतोय आणि मी कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. खाली हंसाबेननी लिहिलंय, "भाई, एकदम क्लियर दिखा."